शैवालातील घटक आणि उन्हापासून त्वचेचे रक्षण : बडोदेकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

दांडिया बाजारापासून कारेलीबागेपर्यंत औषधांच्या आणि प्रसाधनांच्या दुकानांत आता ‘समुद्री शैवालयुक्त’ असे ठळक अक्षरांत छापलेली क्रीम, सीरम आणि कॅप्सूल सर्रास दिसतात. उन्हापासून संरक्षण आणि सुरकुत्यांना आळा, अशी दोन आश्वासने त्यांच्यावर बहुधा एकत्रच दिलेली असतात. या आश्वासनांमागे खरे विज्ञान आहे आणि ते मनापासून समजून घेण्याजोगे आहे. मात्र परीक्षानळीत दिसलेला गुण आणि दुकानातून घरी आणलेल्या बाटलीतला गुण यांमध्ये पुष्कळ अंतर असू शकते, आणि ग्राहकाला हे अंतर कोणी समजावून सांगत नाही. माझे मत सुरुवातीलाच मांडतो : शैवालातील घटक हे सनस्क्रीनचे चांगले सहायक आहेत, पर्याय मात्र नाहीत. जो मनुष्य सनस्क्रीन बाजूला ठेवून केवळ शैवालाच्या सीरमवर विसंबतो, तो पैसे खर्च करूनही उघड्या त्वचेनेच उन्हात फिरत असतो. पुढील पायऱ्या याच दृष्टीने आणि याच क्रमाने मांडल्या आहेत.

पायरी १ : आपल्या गावचे ऊन ओळखावे

बडोदा सुमारे २२.३ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य येथे भर माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे आणि बडोदा ७३.२ अंशांवर आहे; म्हणून येथील खरी माध्यान्ह घड्याळात बारा वाजता होत नाही, तर सुमारे साडेबारा ते पाऊण या वेळेत होते. ‘दहा ते दोन ऊन टाळा’ हा छापील सल्ला त्यामुळे आपल्याकडे अपुरा पडतो. मे महिन्यात येथे सकाळी साधारण साडेनऊपासून दुपारी पावणेचारपर्यंत सूर्य ४५ अंशांपेक्षा उंच असतो.

घड्याळ पाहण्यापेक्षा सावली पाहणे अधिक सोपे आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसू लागली, की अतिनील किरणांचा जोर वाढला असे समजावे. ही कसोटी उतराणीच्या दिवशी विशेष उपयोगी पडते. १४ जानेवारीला हवा थंड असते, ऊन अंगाला सुखद लागते आणि सगळे कुटुंब सकाळपासून पतंग घेऊन गच्चीवर असते. पण त्या दिवशीही माध्यान्हीच्या सुमारास सूर्य ४६ अंशांपर्यंत चढतो. त्वचेला जाणवते ती उष्णता अवरक्त किरणांची असते. अतिनील किरण जाणवत नाहीत, म्हणून थंड हवेत मनुष्य बेसावध राहतो आणि दिवसभर वर पाहत राहिल्यामुळे कपाळ, नाक व गळा हे भाग सर्वाधिक भाजून निघतात.

पायरी २ : नुकसान दोन प्रकारचे आहे, हे ध्यानात घ्यावे

अतिनील किरणांपैकी २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे ते यूव्हीबी आणि ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे ते यूव्हीए. यूव्हीबी किरण त्वचेच्या वरच्या थरात शोषले जातात, पेशींतील डीएनएला थेट इजा करतात आणि त्वचा लालबुंद होते. यूव्हीए किरण अधिक खोल, आतल्या थरापर्यंत पोहोचतात. तेथे ते ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू निर्माण करतात. त्या रेणूंमुळे त्वचेला घट्ट ठेवणारे कोलॅजन हे प्रथिन तोडणारी विकरे (एन्झाइम) जागी होतात आणि वर्षानुवर्षे हेच होत राहिले, की त्वचा सैल पडते, जाड होते आणि सुरकुतते. यूव्हीबी काचेतून फारसे येत नाहीत, यूव्हीए मात्र साध्या काचेतून आरपार येतात.

याचे एक बोलके उदाहरण २०१२ साली अमेरिकेतील एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. २८ वर्षे मालवाहू गाडी चालवलेल्या ६९ वर्षांच्या गृहस्थांच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी अधिक वृद्ध दिसत होती. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे येथे ही शिक्षा उजव्या गालाला होईल. गाडीची समोरची काच थरांची असल्यामुळे बहुतेक यूव्हीए अडवते, बाजूच्या काचांची तशी खात्री देता येत नाही. अहमदाबादला रोज ये-जा करणाऱ्यांनी हे विसरू नये.

आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेत मेलॅनिन अधिक असल्यामुळे ती लवकर भाजत नाही आणि सुरकुत्याही तुलनेने उशिरा येतात. परंतु उन्हाचे वार्धक्य आपल्या चेहऱ्यावर वांग, काळे डाग आणि असमान रंग या रूपाने आधी प्रकट होते. या कामी केवळ अतिनील किरणच नव्हे, तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही हातभार लावतो. हा मुद्दा पुढे सनस्क्रीन निवडताना उपयोगी पडेल.

पायरी ३ : शैवालातील कोणता घटक काय करतो, हे वेगवेगळे समजून घ्यावे

‘शैवाल’ हा एकच पदार्थ असल्याप्रमाणे जाहिराती बोलतात. प्रत्यक्षात त्यात परस्परांशी संबंध नसलेले अनेक घटक येतात आणि त्यांची कामे भिन्न आहेत.

सर्वांत महत्त्वाचा गट मायकोस्पोरिनसदृश अमिनो आम्लांचा. ओखा-द्वारकेच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी शैवाले पाहिली, तर या रेणूंची गरज ताबडतोब कळते. समुद्राचे पाणी मागे हटते, वरून ऊन कोसळत असते आणि खडकाला चिकटलेल्या त्या वनस्पतीला सावलीत सरकण्याची सोय नसते. शिवाय प्रकाशसंश्लेषणासाठी तिला प्रकाश हवाच असतो. म्हणून तिच्या पेशी असा रेणू बनवतात, जो दृश्य प्रकाश आत येऊ देतो आणि अतिनील भाग तेवढा शोषून घेतो. पोर्फायरा या लाल शैवालातील शिनोरिन आणि पोर्फायरा-३३४ हे दोन रेणू सुमारे ३३४ नॅनोमीटरला सर्वाधिक शोषण करतात, पॅलिथिन सुमारे ३२० ला, तर मायकोस्पोरिन-ग्लायसीन ३१० ला. शोषलेली ऊर्जा ते उष्णतेच्या रूपाने, स्वतः न मोडता, सोडून देतात. घातक उपउत्पादने जवळजवळ होत नाहीत. २०१० साली अ‍ॅनाबिना या नीलहरित सूक्ष्मजीवात ही आम्ले तयार करणाऱ्या जनुकांचा उलगडा झाला, आणि तेव्हापासून समुद्रातून शैवाल न खरवडता प्रयोगशाळेतील जिवाणूंकडून ती बनवून घेण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

या रेणूंची अडचण अशी, की ते पाण्यात सहज विरघळतात. घामाबरोबर ते वाहून जातात आणि त्वचेच्या तेलकट वरच्या थरात टिकून राहत नाहीत. म्हणून चांगल्या उत्पादनांत त्यांना मेदाच्या सूक्ष्म पुटिकांत, म्हणजे लायपोसोममध्ये बंदिस्त केलेले असते. दुसरी अडचण कायद्याची आहे. युरोपीय संघाच्या मान्यताप्राप्त अतिनील-शोषकांच्या यादीत ही आम्ले नाहीत, अमेरिकेतील सनस्क्रीनच्या मान्य यादीतही नाहीत. त्यामुळे ती असलेल्या क्रीमवरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा मुख्यतः सोबतच्या मान्य शोषकांचा असतो.

सायटोनेमिन हे नीलहरित सूक्ष्मजीवांच्या बाह्य आवरणातील पिवळसर-तपकिरी रंगद्रव्य आहे. ते यूव्हीएच्या वरच्या टोकाला, ३७० नॅनोमीटरच्या पुढे, प्रभावी असते. विज्ञानाच्या दृष्टीने ते आकर्षक आहे, पण त्याचा गडद रंग आणि अवघड निर्मिती यांमुळे दुकानात ते क्वचितच आढळेल.

दुसरा मोठा गट कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा. हेमॅटोकॉकस हे गोड्या पाण्यातील सूक्ष्म हरित शैवाल प्रखर प्रकाश आणि उपासमार यांच्या ताणाखाली अ‍ॅस्टॅझॅन्थिन साठवून लालभडक होते. ड्युनॅलिएला सलायना हे दुसरे सूक्ष्म शैवाल मिठागरांच्या अतिखारट पाण्यात वाढते आणि बीटा-कॅरोटिनने नारिंगी-गुलाबी होते. देशातील बहुतांश मीठ पिकवणाऱ्या गुजरातेत मिठागरांच्या पाण्याला कधी कधी येणाऱ्या गुलाबी छटेत त्याचाही वाटा असतो. भावनगरला मीठ आणि समुद्री रसायनांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तेथे समुद्रशैवालांवरही दीर्घकाळ काम चालू आहे, आणि बडोदेकरांना याची माहिती असणे मला अगत्याचे वाटते. तपकिरी शैवालांत फ्यूकोझॅन्थिन हे याच कुळातील रंगद्रव्य असते. हे घटक अतिनील किरण अडवण्याचे काम फारच थोडे करतात. किरण आत शिरल्यावर निर्माण झालेले अतिक्रियाशील रेणू निष्प्रभ करणे हे त्यांचे खरे काम आहे.

तपकिरी शैवालांतील फ्लोरोटॅनिन ही याच प्रकारे काम करणारी द्रव्ये आहेत. कोलॅजन तोडणारी विकरे ती रोखतात असे पेशींवरील प्रयोगांत दिसले आहे. फ्यूकॉयडन, कॅरेजिनन आणि अगार या शर्करांचे काम ओलावा धरून ठेवणे व क्रीमला घट्टपणा देणे हे आहे. केवळ कॅरेजिनन असलेल्या क्रीमवर ‘समुद्राची शक्ती’ असे लिहिलेले असेल, तर ते दाटपणा आणणाऱ्या द्रव्याचे कौतुक आहे, असे खुशाल समजावे.

पायरी ४ : पाया म्हणून आधी सनस्क्रीन निवडावे

रोजच्या शहरी वापरासाठी एसपीएफ ३० पुरेसे आहे. दुपारी दुचाकीवर हिंडणाऱ्यांनी आणि गच्चीवर राहणाऱ्यांनी ५० घ्यावे. एसपीएफ हा आकडा प्रामुख्याने यूव्हीबीचा असतो, म्हणून वार्धक्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या यूव्हीएसाठी पीए हे चिन्ह पाहावे आणि त्यापुढे तीन किंवा चार ‘अधिक’ (+) चिन्हे असलेलेच उत्पादन घ्यावे. ज्यांना वांग आहे, त्यांनी लोहभस्माचा रंग असलेले, म्हणजे आयर्न ऑक्साइडयुक्त तपकिरी छटेचे सनस्क्रीन घ्यावे, कारण दृश्य प्रकाशालाही तेच काही प्रमाणात अडवते. ही गोष्ट कोणतेही शैवाल अद्याप करून दाखवू शकलेले नाही.

प्रयोगशाळेत एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढे क्रीम लावतात. बहुतेक लोक त्याच्या निम्मेही लावत नाहीत. तर्जनी आणि मधले बोट यांच्यावर मुळापासून टोकापर्यंत ओढलेल्या दोन रेघा चेहरा व गळा यांसाठी लागतात. याचा साधा हिशेब असा, की एका वेळी सुमारे २ ग्रॅम लागत असेल, तर ५० ग्रॅमची नळी दिवसातून एकदाच वापरूनही २५ दिवसांत संपायला हवी. ती तीन महिने पुरत असेल, तर नळीवरील आकडा आपल्या चेहऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. मी तर म्हणेन, की महागडे शैवाल-सीरम घेण्याऐवजी त्या पैशांत सनस्क्रीनची दुसरी नळी घेणे बहुतेकांसाठी अधिक शहाणपणाचे ठरेल. उघड्यावर असताना दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर ते पुन्हा लावावे. बडोद्यातील मुली दुचाकीवर चेहऱ्याभोवती ओढणी घट्ट बांधतात, ती सवय अत्यंत चांगली आहे. ओढणी गडद आणि घट्ट विणीची असेल, तर अधिकच.

पायरी ५ : घटकांची यादी वाचावी

बाटलीच्या पुढच्या बाजूचे चित्र न पाहता मागची बारीक अक्षरे वाचावीत. शैवालाचे वैज्ञानिक नाव तेथे असायला हवे : पोर्फायरा अम्बिलिकॅलिस, हेमॅटोकॉकस प्लुव्हिअ‍ॅलिस, एक्लोनिया काव्हा यांसारखे. केवळ ‘अल्गी एक्स्ट्रॅक्ट’ एवढेच लिहिले असेल, तर कोणते शैवाल आणि त्यातला कोणता घटक हे कळण्यास मार्ग नसतो. अशा बाटलीसाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत.

घटक उतरत्या प्रमाणात लिहिण्याची पद्धत आहे, पण १ टक्क्याच्या खालचे घटक कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. येथे एक खूण उपयोगी पडते. फिनॉक्सीएथेनॉल या परिरक्षकाची कमाल मर्यादा सामान्यतः १ टक्का असते; म्हणून त्याच्यानंतर आलेला प्रत्येक घटक १ टक्का किंवा त्याहून कमी आहे असे धरता येते. अर्थात कमी म्हणजे निरुपयोगी असे नव्हे. लायपोसोममध्ये बंदिस्त केलेली आम्ले अत्यल्प प्रमाणातही काम करतात असे उत्पादकांच्या स्वतःच्या चाचण्यांत दिसले आहे, आणि अ‍ॅस्टॅझॅन्थिन तर इतके गडद असते, की ते अधिक घातले तर क्रीम केशरी होईल. परंतु पोर्फायराचे नाव अगदी शेवटी, सुगंधी द्रव्याच्याही नंतर येत असेल आणि ‘लायपोसोम’ किंवा लेसिथिनचा (या पुटिका ज्यापासून बनवतात त्या मेदद्रव्याचा) कोठेही उल्लेख नसेल, तर ते नाव शोभेपुरते आहे असे मानण्यास हरकत नाही.

सनस्क्रीन म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनात झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड किंवा एखादा मान्य रासायनिक शोषक असलाच पाहिजे. तो नसताना केवळ शैवालाच्या बळावर एसपीएफ ५० सांगितला असेल, तर ते घेऊ नये. परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख नसलेली बाटली कितीही स्वस्त मिळाली, तरी दुकानातच परत ठेवावी.

पायरी ६ : चाचणी घ्यावी, मग योग्य क्रमाने लावावे

नवे उत्पादन कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहावे. खाज, लाली किंवा पुरळ आले नाही, तरच ते चेहऱ्यावर आणावे. समुद्री घटक ‘नैसर्गिक’ असतात म्हणून त्यांची अ‍ॅलर्जी होत नाही, हा समज चुकीचा आहे.

सकाळी चेहरा सौम्य साबणाने धुऊन कोरडा करावा, आधी शैवालाचे सीरम लावावे, ते मुरल्यावर गरज असेल तर मॉइश्चरायझर आणि सर्वांत शेवटी सनस्क्रीन लावावे. सीरम आणि सनस्क्रीन तळहातावर एकत्र करून कधीही लावू नये, कारण सनस्क्रीनचे संरक्षण त्वचेवर तयार होणाऱ्या एकसंध पापुद्र्यावर अवलंबून असते आणि भेसळ झाली की तो पापुद्रा फाटतो. परिणाम पाहण्यासाठी दोन-तीन महिने द्यावेत. दर महिन्याला त्याच खिडकीशी, त्याच वेळी छायाचित्र घ्यावे. आरशातील रोजचा अंदाज फसवा असतो.

पायरी ७ : साठवण

कॅरोटिनॉइड आणि स्पिरुलिना या नीलहरित सूक्ष्मजीवातील फायकोसायनिन हे निळे रंगद्रव्य प्रकाश व उष्णता यांनी लवकर खराब होतात. म्हणून पारदर्शक बरणीपेक्षा अपारदर्शक, पंप असलेली बाटली घ्यावी आणि मे महिन्यात ती दुचाकीच्या डिकीत किंवा मोटारीत ठेवू नये. अ‍ॅस्टॅझॅन्थिनच्या सीरमचा केशरी रंग फिका पडला, तर औषधी भाग संपला असे समजून ते टाकून द्यावे.

पायरी ८ : घरी सनस्क्रीन बनवू नये

अगारच्या जेलीत समुद्रशैवालाची पूड मिसळून ‘रसायनमुक्त’ सनस्क्रीन करण्याच्या कृती फिरत असतात. अशा मिश्रणाचा एसपीएफ घरी मोजता येत नाही, आणि त्वचा लाल न झाल्यामुळे संरक्षण मिळाले असे वाटत असताना यूव्हीए आपले काम करतच असतात. स्पिरुलिनाचा लेप आठवड्यातून एकदा लावून धुऊन टाकण्यास हरकत नाही, पण त्याने ऊन अडत नाही. सूरसागर किंवा गावाकडच्या तळ्यावरील हिरवी साय तर अंगाला अजिबात लावू नये. साचलेल्या पाण्यातील काही नीलहरित सूक्ष्मजीव यकृताला घातक असे विष तयार करतात.

पायरी ९ : पोटात घ्यायच्या कॅप्सूलबाबत विशेष सावधगिरी

अ‍ॅस्टॅझॅन्थिन रोज ४ ते १२ मिलिग्रॅम घेतल्याने त्वचेचा ओलावा व लवचीकपणा सुधारतो आणि त्वचा लाल होण्यास थोडे अधिक ऊन लागते, असे काही छोट्या मानवी चाचण्यांत आढळले आहे. हा लाभ खरा मानला, तरी माफक आहे आणि सनस्क्रीनची जागा तो घेत नाही. शाकाहारी घरांनी एक गोष्ट तपासावी : आतील द्रव्य शैवालाचे असले, तरी मऊ कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते.

बीटा-कॅरोटिनच्या गोळ्यांबाबत इशारा अधिक गंभीर आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन देऊन केलेल्या मोठ्या चाचणीत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी वाढले. १९९४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि दोन वर्षांनी अमेरिकेतील दुसऱ्या चाचणीनेही तोच धोका दाखवला. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी ड्युनॅलिएलाच्या गोळ्या त्वचेसाठी घेऊ नयेत. गाजर, भोपळा, पालेभाज्या खाण्यास मात्र काहीही हरकत नाही.

केल्पसारख्या तपकिरी शैवालांच्या पुडीत आयोडीन गरजेच्या कितीतरी पट असू शकते. प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम पुरते आणि तेवढे आयोडीनयुक्त मिठातून बहुधा मिळतेच. त्यामुळे थायरॉइडचा विकार असलेल्यांनी, गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी ही पूड टाळावी. हिजिकी नावाच्या शैवालात असेंद्रिय आर्सेनिक आढळल्यामुळे ब्रिटनच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २००४ मध्ये ते न खाण्याचा सल्ला दिला होता. फ्यूकॉयडनमध्ये रक्त पातळ करणारा गुण दिसून आला आहे, म्हणून रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

पायरी १० : त्वचारोगतज्ज्ञांकडे केव्हा जावे

काही औषधांनी त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते. डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक आणि रक्तदाबावरील हायड्रोक्लोरोथायाझाइड ही त्यांतील नेहमीची नावे आहेत. अशी औषधे चालू असतील, तर नवे काही लावण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. तीन महिने नियमित सनस्क्रीन वापरूनही वांग वाढत असेल, गालांवर आणि नाकावर उन्हात गेल्यावर वारंवार लाली येत असेल, एखादा तीळ आकार किंवा रंग बदलत असेल, किंवा एखादी जखम महिनाभर भरत नसेल, तर सीरम बदलत बसू नये. जी उत्पादने आणि कॅप्सूल वापरल्या, त्या सर्वांच्या बाटल्या आणि खोकी बरोबर घेऊन जावे, म्हणजे डॉक्टरांना घटकांची यादी प्रत्यक्ष वाचता येते आणि ज्याने त्रास झाला तो घटक शोधणे सोपे जाते.